सरांनी वाटलेल्या जन्मतारखा

“दिवस सांग बे तुह्या आवडीचा, मंग तुले जन्माले घालतो.”

हे मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी पार्टिशनच्या पलीकडून ऐकलं. मी नुकतीच कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि की-बोर्डवर मराठी अक्षरं कुठे आहेत ते शोधत होते.  मग एका मुलाचा घोगरा आवाज आला.

“आजचाच टाका.”

“काऊन? आज काय हाय?”

“आज जेवाले भेटलं ना.”

“बरं. आजची तारीख टाकतो, पन नऊ वर्सं मांगची. आजच जन्मला लिवलं तं तुले शाळेत नाई, पाळण्यात टाकतीन.”

मुलगा हसला नाही. त्याने विचारलं, “पाळण्यात जेवाले देते काय?”

थोड्या वेळाने पार्टिशनवरून एक फॉर्म माझ्या टेबलावर आला. अक्षर सुरेख, शाळेच्या फळ्यावर असतं तसं. नाव, खूण, शेवटचं झोपण्याचं ठिकाण आणि जन्मतारीख. मी तो जसाच्या तसा टाइप केला. पुढची दोन वर्षं माझं काम तेवढंच होतं. सर जन्मतारखा द्यायचे आणि मी त्या टाइप करायचे.

रस्त्यावरच्या मुलांसाठीचं आमचं केंद्र खामगावच्या बस स्टँडमागे एका जुन्या ढेपेच्या गोदामात होतं. पत्र्याचं छप्पर, दोन मोऱ्या, एक लांब सतरंजी. स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर आणि बाजारात राहणारी मुलं सकाळी यायची. आंघोळ, जेवण, थोडा अभ्यास आणि दुपारची झोप एवढं त्यांना मिळायचं. सगळ्यात महत्त्वाची ती झोप. ती मुलं दुपारी ज्या तऱ्हेने झोपायची तसं झोपलेलं मी कोणाला पाहिलेलं नाही. रात्री मुक्कामाची परवानगी संस्थेला नव्हती, त्यामुळे संध्याकाळी सहाला आम्ही कुलूप लावायचो. कुलूप सर लावायचे आणि लावताना दर वेळी तेच म्हणायचे, “सहा वाजले मिस. आता आपन याईले रस्त्यावर सोडून राह्यलो. ध्यानात ठेवजा.” मला वाटायचं, हे मला कशाला सांगतात? मी तर काही बोललेही नव्हते.

मला ते मिस म्हणायचे. “तुमच्या इंग्रजी शाळेत बाईले मिस म्हनते ना? मंग तुम्ही मिस.” मी तेवीस वर्षांची, ते साठीच्या पुढचे. मला संकोच व्हायचा, पण तसं म्हणायलाही तोंड उघडावं लागलं असतं.

सर निवृत्त मुख्याध्यापक होते. पांढरा फुल शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, उन्हाळ्यातसुद्धा. खिशात दोन पेनं आणि एक कंगवा. कंगवा स्वतःसाठी नव्हता, त्यांना केसच नव्हते. कुठलंही मूल आत आलं की आधी त्याचा भांग पाडायचे आणि मग नाव विचारायचे. सुरुवातीला मला ते विचित्र वाटायचं. नंतर लक्षात आलं, की त्या मुलांच्या डोक्याला कोणी हात लावला की ती आधी मान आत ओढून घेतात. मारच येणार असं त्यांना वाटतं. सर त्यांच्या डोक्यावरची ती भीती पाचेक मिनिटं विंचरत बसायचे.

भांग झाला की दुसरी गोष्ट. “कान धर.” मुलाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. बोटं कानाला पोचली की वय सहाच्या वर, नाही पोचली तर खाली. पूर्वी जन्माचा दाखला नसलेल्या मुलांना शाळेत असंच घ्यायचे, हे मला माझ्या आईने सांगितलं होतं, पण मी ते गंमत म्हणून ऐकलं होतं. सरांनी पिंपळगाव राजा आणि धामणगाव बढेच्या भागातल्या शाळांमधून तीसेक वर्षं असेच कान धरायला लावले होते. कान हाताला लागला की वय सहा आणि तारीख एक जून.

“पिंपळगाव राजाच्या बाजारात एक जूनले हॅपी बर्थडे म्हना,” ते सांगायचे, “अर्धा बाजार मान हालवीन. सारे माह्याच हातचे.”

हे ते अभिमानाने सांगत नसत. एकदा डबा खाताना म्हणाले, की निवृत्त झाल्यावर एक जुना विद्यार्थी त्यांना भेटला. त्याच्या बायकोने केक आणला होता, मुलं टाळ्या वाजवत होती आणि तो सरांच्या कानाशी येऊन म्हणाला, सर, मी खरा कवा जन्मलो तुम्हाले काई याद हाय का? सरांना अर्थातच आठवत नव्हतं. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं, की यापुढे कोणाला जूनमध्ये टाकायचं नाही. ज्याचा दिवस त्याने मागायचा.

मुलं काहीही मागायची. एकाने शेगावच्या प्रगटदिनाचा दिवस मागितला, कारण त्या दिवशी कुठेही उभं राहिलं तरी पत्रावळ हातात येते. दोघा मित्रांनी एकच दिवस मागितला आणि कोण मोठा यावरून मारामारी केली, तेव्हा सरांनी एकाला सकाळी आणि एकाला दुपारी जन्माला घातलं. एक मुलगी म्हणाली, ज्या दिवशी आई परत येईल तो टाका. सरांनी तिचा रकाना पेन्सिलने आखून मोकळा ठेवला.

एकदा त्यांनी मला विचारलं, “मिस, तुमच्या शाळेत बर्थडेले काय करे?”

मी म्हटलं, रंगीत कपडे घालून जायचो आणि वर्गात चॉकलेटं वाटायचो.

“ज्याचा बर्थडे त्यानंच वाटाचं?”

“हो.”

त्यांना ते फार आवडलं. ही मुलं जन्मभर हात पुढे करून उभी असतात, त्यांनी एक दिवस दुसऱ्याच्या हातावर ठेवावं, ही कल्पना त्यांच्या डोक्यात बसली. दुसऱ्या दिवसापासून वाढदिवसाच्या मुलाला पिशवी मिळायला लागली. पहिल्या मुलाने पिशवी घेतली, मोरीत जाऊन आतून कडी लावली आणि सगळी चॉकलेटं एकट्याने खाल्ली. बाकीची पोरं दारावर लाथा मारत होती. सर त्यांना म्हणाले, “खाऊ द्या बे त्याले. त्याले वाटनं जमत नाई, काऊन का त्याच्यापाशी आतापर्यंत काई नव्हतंच.” तो दुपारभर ओकत होता. सरांनी त्याची ओकारी पुसली आणि पुन्हा भांग पाडला.

त्या मुलांपैकी बरीच जण सोल्युशन ओढायची. सायकलचं पंक्चर काढायचं सोल्युशन फडक्यावर घ्यायचं आणि ते फडकं नाकाशी धरायचं. संस्थेने आम्हाला यावर एक माहितीपत्रक दिलं होतं. सरांनी ते वाचलं नाही. ते स्टँडमागच्या भिंतीशी, ती मुलं बसायची तिथे जाऊन बसले आणि एकाच्या हातातलं फडकं घेऊन स्वतः नाकाला लावलं. दोन दिवस त्यांचं डोकं दुखत होतं. मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनीच सांगितलं, “मी त्याईले काय सोडाले सांगून राह्यलो, हे मले तं मालूम पाह्यजे ना. मिस, त्या फडक्यात भूक लागत नाई. थंडी लागत नाई. मी त्याच्या बदल्यात काय देऊन राह्यलो? कंगवा?”

ज्याला पहिल्या दिवशी मी पार्टिशनपलीकडून ऐकलं होतं, तो घोगऱ्या आवाजाचा मुलगा नांदुरा रोडवर ट्रकखाली आला. दवाखान्यात सर आणि मी गेलो. कागदावर लिहायला नाव होतं, पण आडनाव नव्हतं, बापाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं. जन्मतारीख विचारल्यावर मात्र सरांनी पाठ म्हणावी तशी सांगितली. तेवढा एकच रकाना पूर्ण भरला. परत येताना त्यांचा चेहरा रस्त्याकडेच होता. केंद्रात आल्यावर रजिस्टर काढलं आणि त्याच्या तारखेवर बोट ठेवून बराच वेळ बसले.

सर आता तिथे जात नाहीत. मीही नाही. बाजारात लांबून दिसले तर मी दुसऱ्या गल्लीत वळते. त्यांनी मला दोष दिल्याचं मी कधी ऐकलं नाही. तो भाग सांगायचा तर काजलबद्दल सांगावं लागेल.

काजल आणि बिट्टू जळगाव जामोदच्या पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याकडून आले होते. आई वारली होती आणि बाप कामाला म्हणून गेला तो आलाच नाही. काजल स्टँडवर लिंबू-मिरच्या ओवून विकायची. शनिवारी दुकानदार आणि ऑटोवाले त्या बांधतात, म्हणून शनिवार हा तिचा मोठा दिवस. चार वर्षांचा बिट्टू कायम तिच्या कमरेवर. त्यामुळे तिच्या कमरेची एक बाजू कायमची बाहेर आल्यासारखी दिसायची. बोलायला फटकळ. मला म्हणायची, “मिस, तुम्ही मुक्या हाय का? का इंग्लिसमधी बोलता मनातल्या मनात?”

त्या महिन्यात पोलीस स्टँडवरची मुलं उचलून बालकल्याण समितीपुढे नेत होते. नियमाप्रमाणे मुलीला मुलींच्या वसतिगृहात आणि लहान मुलाला लहान मुलांच्या, ते वेगळ्या गावी. काजलच्या ओळखीच्या एका बहीण-भावाची अशी ताटातूट झाली होती. ती सरांच्या टेबलाशी आली. मी पार्टिशनच्या अलीकडेच होते, पण त्या दिवशी दार उघडं होतं.

“सर, मले अठरा लिवा.”

“काऊन वं?”

“मी मोठी झालो म्हनजे बिट्ट्याले माह्यापासून कोनी नेत नाई. मीच त्याची माय.”

सर तिच्याकडे पाहत राहिले. मग सवयीने म्हणाले, “कान धर.”

तिने धरला आणि हसली. “अठराचा कान वेगळा असते काय, सर?”

सरही हसले. त्यांनी आयुष्यभर वय लिहिलं होतं आणि ते नेहमी कोणाच्या तरी भल्यासाठीच लिहिलं होतं. कोणाला दोन वर्षं कमी लिहिली की त्याला नोकरीत दोन वर्षं जास्त मिळायची. ते मला म्हणायचेही, “वय म्हनजे काय मिस, मास्तरनं केलेली मदत.” आतापर्यंत त्यांच्या हातून वयं फक्त कमी झाली होती. वाढवताना वेगळं काही होईल, हे त्यांच्या मनातही आलं नसावं.

“दिवस कोनता पाह्यजे?”

“शनिवार.”

सरांनी मला हाक मारली. “मिस, अठरा वर्सं मांगं जा अन् एखादा शनवार पाहा.”

मी कॉम्प्युटरवर कॅलेंडर उघडलं. अठरा वर्षांपूर्वीचा एक शनिवार शोधला आणि तारीख सांगितली. काजल अठरा वर्षांची नव्हती. तेराचीही नव्हती, आणि हे मला अंदाजाने नाही, पक्कं माहीत होतं. मी ते म्हटलं नाही. मला वाटलं, सरांना कळतं. मला वाटलं, मी काल आलेली मुलगी. आणि खरं सांगायचं तर काजल माझ्याकडे बघून हसली तेव्हा मला बरं वाटलं, की आपण तिच्या बाजूचे आहोत.

संस्थेच्या लेटरहेडवर दाखला तयार झाला. वय अठरा वर्षं पूर्ण, धाकट्या भावाची पालक. खाली निवृत्त मुख्याध्यापक म्हणून सरांची सही. आमच्या स्टँडवर त्या सहीला मान होता. पोलिसांनी काजलला हात लावला नाही. तिने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बिट्टूच्या बनियनच्या आत ठेवला आणि आम्हाला वाटलं, झालं.

पाच महिन्यांनी काजल आणि बिट्टू यायचे बंद झाले.

स्टँडवर चौकशी केली तेव्हा चहावाल्याने सांगितलं, की पलीकडच्या राज्यातला एक माणूस आठ-दहा दिवस फिरत होता. चाळिशीचा. काजलला म्हणायचा, लग्न कर, पक्कं घर आहे, भावाला शाळेत घालू. नोटरीकडे स्टँप पेपरवर लग्नाचं लिहून झालं होतं. वयाचा पुरावा म्हणून सरांच्या दाखल्याची झेरॉक्स जोडलेली होती.

चौथ्या दिवशी बिट्टू शेगाव स्टेशनवर सापडला. तो बाकाखाली बसला होता आणि तिथून निघायला तयार नव्हता. सर आणायला गेले तेव्हा त्याने त्यांच्या हाताला चावा घेतला. त्या माणसाला तो मामा म्हणत होता आणि त्याचं म्हणणं एकच होतं, “मामानं म्हटलं इथंच बस. ताई पानी आनाले गेली.”

सरांनी त्याला आणून सतरंजीवर बसवलं. भांग पाडायला कंगवा काढला आणि तसाच परत खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी एक नवीन मुलगा आला. पार्टिशनवरून त्याचा फॉर्म आला तो मी उघडून पाहिला. अक्षर तेच, सुरेख. जन्मतारीख एक जून.

सर चौकीत गेले, एकदा नाही, तीनदा. दर वेळी उत्तर तेच. मुलगी सज्ञान आहे, राजीखुशीने लग्न करून गेली आहे, दाखला तुमचाच आहे, मग तक्रार कसली? अल्पवयीन मुलगी पळवली म्हणून गुन्हा दाखल झाला तरच कोणीतरी तिला शोधायला त्या राज्यात जाणार होतं. त्यासाठी कोणीतरी म्हणायला हवं होतं, की तो दाखला खोटा आहे.

सर ते म्हणायला निघाले होते. मग संस्थेच्या सचिवांनी आम्हा सगळ्यांना बसवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, “एक जन्मतारीख खोटी निघाली, की वरचे साहेब बाकीच्या तपासणार नाहीत का? त्या तारखांवर एकतीस मुलं शाळेत जातात. आधार निघालेत. केंद्राला कुलूप लागलं तर ती पोरं दिवसापण रस्त्यावर. सर, तुम्हीच सांगा.”

सरांनी रजिस्टर उघडलं. एकेका नावावरून बोट फिरवत गेले, शेवटच्या नावापर्यंत. मग म्हणाले, “बरोबर हाय.” त्या दिवशी ते मला एकदम म्हातारे दिसले. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं आणि त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात काजलच्या प्रकरणाच्या चौकशीला बुलढाण्याहून महिला-बालविकास खात्याचे एक साहेब आले. सकाळची वेळ होती, मुलं मोरीत आंघोळी करत होती. साहेब सरांच्या खुर्चीवर बसले. सर समोर उभे राहिले, शाळा तपासणीला साहेब आल्यावर उभे राहत असतील तसे. बिट्टू सतरंजीच्या टोकाला दाराकडे तोंड करून बसला होता. रात्री सर त्याला आपल्या घरी नेत, बाकी सगळा वेळ तो तिथेच बसायचा.

“या मुलीचं वय तुम्ही लिहिलंत?” साहेबांनी विचारलं.

“होय साहेब.” सर साहेबांपुढे पुस्तकातलं मराठी बोलत.

“कशाच्या आधारावर?”

“तिने सांगितलं. आणि माझा तीस वर्षांचा अनुभव.”

“म्हणजे अठरा पूर्ण?”

सरांनी खिशातलं पेन काढलं, त्याचं टोपण उघडलं, लावलं. “कागदावर आहे तेच, साहेब.”

“नक्की?”

“होय.”

साहेबांनी दोन ओळी लिहिल्या. मग फाईलची दोरी बांधत म्हणाले, “मग आपण काय करणार? सज्ञान मुलगी आहे. विषय इथेच संपतो.” सचिवांनी मान हलवली. सर माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचा चेहरा बिट्टूच्या पाठीकडे होता. दवाखान्यातून परत येताना होता तसाच. मी तेव्हा त्यांना काही बोलले नव्हते, आणि शनिवार शोधला तेव्हाही नाही.

साहेब उठता उठता पार्टिशनजवळ थांबले. “हे सगळं टाइप कोण करतं? तुम्ही का? तुम्हाला काही सांगायचंय?”

ते औपचारिकपणे विचारत होते. त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही, चष्मा पुसायला घेतला. सचिव माझ्याकडे बघून किंचित हसले, कारण मी कधी बोलत नाही हे त्यांना माहीत होतं. सरांनी मात्र मान वळवली. त्यांच्या नजरेत नको असं होतं की बोल असं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

माझा आवाज मलाच परका वाटला, पण मी म्हटलं, “हो साहेब. दाखला खोटा आहे. सरांनी लिहिला आणि तारीख मी शोधून दिली. त्याच्या पंधरा दिवस आधी काजलची दुधाची दाढ पडली होती. तिने ती मला हातावर दाखवली आणि या पत्र्यावर फेकली.”